कथासंग्रह: स्वतः छापू की प्रकाशकाकडे देऊ?

बांधावरची: गावाकडच्या कथा आहेत, १४० पानं होतील. दोन-तीन दिवाळी अंकांत आल्यात. एक प्रकाशक म्हणतात, ३०० प्रती तुम्हीच विकत घ्या, मग काढू. दुसऱ्यांचं उत्तरच नाही. बजेट ३० हजार, वर एक रुपया नाही. काय करू?

अण्णा७१: प्रकाशकच हवा. स्वतः काढलेल्याला कोण विचारतं? माझ्या कादंबरीला दीड लाख घातले, पण हार्डबाउंड, वर जॅकेट. प्रकाशनाला हॉल भरलेला.

खमंग: अण्णा, पैसे तुमचे, मग ते स्वतःच काढलेलं नाही का?

अण्णा७१: पुस्तकावर नाव प्रकाशकाचं आहे.

गोदाकाठ: ताई, ३०० प्रती तुमच्या गळ्यात म्हणजे छपाईचा खर्च तिथेच वसूल. पुढे ते विकायला कशाला धडपडतील? माझे गठ्ठे अजून दिवाणाखाली आहेत. वितरक निम्मं कमिशन मागतो, वर पैशासाठी खेटे घाला.

टंकक: पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या पॅकेजवाल्यांपासून जपा. एकाने माझ्याकडून आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबराचे, पाच हजार उकळले. तो नंबर आपल्याकडे फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून. लेखकालाही अर्ज करता येतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतो.

खमंग: छपाईला श्रीलिपीचे जुने फॉन्टच. युनिकोडमध्ये जोडाक्षरं फुटतात.

टंकक: पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावा, मग बोला.

खमंग: लावला होता. फुटली.

निशिगंध_न्यूजर्सी: किंडलवर ई-बुक टाका की! मराठी चालतं, खर्च शून्य. माझं आहे तिथे.

गोदाकाठ: विकलं किती?

कोर्टकचेरी: कुठेही द्या, करारात मुदत लिहून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा: मुदत लिहिलेली नसली तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. अनुवाद, ऑडिओ, सिनेमाचे हक्क स्वतःकडे ठेवा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' दिसलं की सही करू नका.

सायली_क: पहिलंच पुस्तक ना? मग महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. वेळ लागतो, पण अर्ज कराच.

अण्णा७१: मी हेच सांगणार होतो.

बांधावरची: सगळ्यांचे आभार. मंडळासाठी थांबवत नाही, आईला वाचून दाखवायचंय. तालुक्याच्या प्रेसमध्ये डिजिटल छपाईवर १५० प्रती सांगितल्या, ३० हजारांच्या आत बसतंय. नंबर-बिंबर काही नाही. जत्रेत मामाच्या भांड्यांच्या दुकानात अर्धं टेबल मिळालंय.

टंकक: अहो, नंबर फुकट आहे!

अण्णा७१: जत्रेत? निदान जॅकेट तरी घाला.