संघ ‘गेला’ की ‘नेला’?

प्रश्न: एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतोय. मालक अख्खा संघ एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेतो, हा विषय. ‘फ्रँचायझी रिलोकेशन’ पानापानावर आहे. मी आधी ‘संघाचं स्थलांतर’ लिहिलं, पण वाचून पाहिलं तर थंडीत पक्षी उडून आल्यासारखं वाटलं. ‘फ्रँचायझी’ तसंच ठेवावं का? आणि ‘लॉयल लोकल फॅन्स’ना ‘निष्ठावंत स्थानिक चाहते’ केलं, तर तिकीट नाकारलेले कार्यकर्तेच डोळ्यांपुढे येतात. सुचवा.

प्रतिसाद: फ्रँचायझी ठेवा की. ‘फ्रँचायझीने खेळाडूला करारमुक्त केलं’ हे वाचताना कुणी अडखळत नाही. आणि कार्यालयाचंही स्थलांतर होतंच, त्यात पक्षी कुठे आले?

प्रतिसाद: अडखळत नाही, कारण कोणता अर्थ घ्यायचा ते आपण संदर्भावरून ठरवतो. फ्रँचायझी म्हणजे कधी मैदानात उतरणारा संघ, कधी त्यामागची कंपनी, तर कधी लीगने दिलेला परवाना. मुळात तो परवानाच. अमेरिकेत हा शब्द साधा, व्यवहारातला आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र ती शिवी होते. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबने १९८८ साली एफए कप जिंकला होता. २८ मे २००२ रोजी तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याला मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात जायची परवानगी दिली. अंतर साधारण नव्वद किलोमीटर. पाठीराख्यांनी मागे जायचं नाकारलं, उघड्या माळावर निवड चाचणी घेऊन खेळाडू जमवले आणि एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब उभा केला. गेलेल्या क्लबला ते आजही हेटाळणीने ‘फ्रँचायझी’ म्हणतात. तुमच्या लेखात इंग्लंडचं उदाहरण असेल तर तिथे हा शब्द सपाट वापरू नका, खोच निघून जाईल.

आणखी एक गंमत. याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ मताधिकार. ‘प्रौढ मताधिकार’ म्हणतो, त्यातला. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मतं राहिलीच पाहिजेत असा ‘५०+१’ नियम आहे. तिथे मताधिकार आहे, पण फ्रँचायझी नाही. उलट जिथे फ्रँचायझी आहे, तिथे संघ हलवताना पाठीराख्यांना बहुतेकदा कुणी विचारतसुद्धा नाही.

प्रतिसाद: वर सहज ‘पाठीराखे’ आलंय, तोच शब्द घ्या. ‘चाहता’ हजार कोसांवरून चाहू शकतो, संघ कुठेही गेला तरी त्याचं काही बिघडत नाही. ‘प्रेक्षक’ नुसता बघतो. पाठीराखा पाठीशी उभा असतो. भावाला पाठीराखा म्हणतात ते उगाच नाही. त्यात रक्षण आहे, आणि जवळ असणंही आहे. शिवाय ‘स्थानिक’ आणि ‘निष्ठावंत’ ही दोन्ही विशेषणं वाचतात.

प्रतिसाद: मला मुख्य अडचण नामात वाटते. ‘स्थलांतर’ म्हटलं की कोणी केलं, हे विचारायची सोयच उरत नाही. आपल्याकडे ‘जाणे’ आणि ‘नेणे’ अशी सख्खी जोडी असताना नाम हवंच कशाला? ‘संघ इंडियानापोलिसला गेला’ आणि ‘मालकाने संघ इंडियानापोलिसला नेला’ या दोन वाक्यांत सगळा तंटा आला.

अमेरिकन फुटबॉलमधल्या बाल्टिमोर कोल्ट्सचंच बघा. साल १९८४, मार्च अखेरची रात्र. मालक रॉबर्ट अर्से यांचा स्टेडियमवरून शहराशी वाद चालू होता, आणि संघ सक्तीने संपादन करता यावा असं विधेयक राज्याच्या विधिमंडळात पुढे सरकत होतं. होय, रस्त्यासाठी जमीन घेतात तसं संपादन! ते पुरं व्हायच्या आत सामानवाहू ट्रक आले आणि रातोरात हेल्मेटं, कपाटं, कागदपत्रं भरून इंडियानापोलिसला निघून गेले. याला काय स्थलांतर म्हणायचं? मी तर ‘चंबूगबाळं आवरून पसार’ म्हणेन. पण शहराने मात्र संघ सोडला नाही. कोल्ट्सचा बँड मागे राहिला आणि संघ नसलेल्या शहरात, त्याच नावाने, वर्षानुवर्षं वाजत राहिला. १९९६ साली शहराला पुन्हा संघ मिळाला, तोही क्लीव्हलंडहून आणलेला.

प्रतिसाद: ‘आणलेला’ बरोबर, पण काय आणलं? क्लीव्हलंडने भांडून ब्राउन्स हे नाव, रंग आणि जुने विक्रम स्वतःकडे ठेवून घेतले. बाल्टिमोरला गेले ते खेळाडू, कर्मचारी आणि मालक आर्ट मोडेल. १९९९ साली क्लीव्हलंडमध्ये नवे खेळाडू घेऊन ब्राउन्स पुन्हा उभे राहिले आणि कागदोपत्री इतिहास सलग चालू आहे. म्हणजे ‘संघ नेला’ हेसुद्धा अर्धंच खरं. देह नेला, कूळ राहिलं.

याच्या उलट बास्केटबॉलमधले लेकर्स. मिनेसोटा तळ्यांचा प्रदेश, म्हणून ‘तळ्यांवाले’. १९६० साली त्यांना लॉस एंजेलिसला नेलं, तळी मागे राहिली, नाव सोबत गेलं. जॅझ संगीताचं शहर न्यू ऑर्लिन्स, तिथल्या बास्केटबॉल संघाचं ‘जॅझ’ हे नाव १९७९पासून युटात आहे. आपल्यात आडनावावरून मूळ गाव कळतं, तसाच प्रकार.

मूळ प्रश्नकर्ता: आभार. ‘पाठीराखे’ घेतला, ‘नेणे’ही घेतलं. फ्रँचायझी फक्त परवान्याच्या अर्थी ठेवतोय, बाकी सगळीकडे ‘संघ’. आता दुसरीच पंचाईत. लेखात मालक पाठीराख्यांना उद्देशून ‘अवर टीम’ म्हणतो आणि पाठीराखे त्यालाच उलट ‘अवर टीम’ म्हणतात. इंग्रजीत एकच शब्द.

प्रतिसाद: मराठीत दोन आहेत, वापरा ना! मालकाच्या तोंडी ‘आपला संघ’, पाठीराख्यांच्या तोंडी ‘आमचा संघ’. ‘आपला’ म्हणताना तो समोरच्यांना सामावून घेतो, निदान तसं दाखवतो. ‘आमचा’ म्हणताना ते त्याला बाहेर काढतात. तळटीप द्यायची गरज नाही.

अपवाद अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्सचा. १९२३ पासून तो भागधारकांचा आहे, लाभांश कुणालाच मिळत नाही आणि संघ उचलून नेईल असा एकटा धनी नाही. तिथे ‘आपला’च लिहा.

प्रतिसाद: चर्चा चाललीच आहे तर माझीही शंका. आपण संघाला शहराचं नाव लावून ‘चा’ जोडतो. बेसबॉलमधले ॲथलेटिक्स फिलाडेल्फियाचे होते, १९५५ पासून कॅन्सस सिटीचे, १९६८ पासून ओकलंडचे. विंचवाचं बिऱ्हाड. २०२५ साली ते सॅक्रामेंटोला तात्पुरते उतरले, पुढचा मुक्काम लास व्हेगास, आणि सध्या नावात कुठलंच शहर नाही. मग ‘चा’ कशाला जोडू?

प्रतिसाद: नुसतं ‘ॲथलेटिक्स संघ’ लिहा. फारच अडलं तर ‘सध्या सॅक्रामेंटोत खेळणारा’. सॅक्रामेंटो‘चा’ मात्र नको, त्यांनीच ते नाव घेतलेलं नाही.