असेटसोबत कंटेनर आपोआप बनतो, पण…
बरेचदा सांगतात की मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझर क्लाउडवर असेट (व्हिडिओ-ऑडिओ फाइल्सचा संच) बनवला की कंटेनर (त्या फाइल्स ठेवायचा फोल्डरसारखा कप्पा) आपोआप बनतो, कोड लिहायची गरजच नाही. अ‍ॅझर मीडिया सर्व्हिसेस या व्हिडिओ सेवेपुरतं ते खरं होतं, पण ती ३० जून २०२४ला बंद झाली, आता ब्लॉब स्टोरेजमध्ये (अ‍ॅझरची फाइल साठवायची सेवा) कंटेनर आपणच बनवायचा. नाव ३ ते ६३ अक्षरांचं, सगळं स्मॉल लेटर, आकडे आणि हायफन, अंडरस्कोर टाकला की ४०० एरर (चुकीची रिक्वेस्ट).

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, कंटेनर डिलीट करून लगेच त्याच नावाने परत बनवता येत नाही, निदान ३० सेकंद तरी नाव अडकून राहतं. माझी टेस्ट स्क्रिप्ट नेमकं हेच करत होती, दर रनला ४०९ एरर (म्हणजे नाव अजून मोकळं नाही), आणि मी अर्धा दिवस परमिशन तपासत बसलो 😅 शेवटी नावापुढे जीयूआयडी (दर वेळी वेगळा येणारा लांब आयडी) जोडला.