येळवशीत चार करडं आणि एक शेळी गेली, गोठ्यात पाय टाकवेना

औशाकडची सून

नमस्कार. इथलं वाचते नेहमी, लिहायची ही पहिलीच वेळ. तालुका औसा, जिल्हा लातूर. घरात मी, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दुसरीतली लेक. हे लातूरला मोंढ्यात मुनीम आहेत, रविवारचे येतात. बचत गटातून उचल घेऊन दोन उस्मानाबादी शेळ्या आणल्या होत्या, तीन वर्षांत लहानमोठी धरून अकरा झाली.

येळवशी म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, शेतात कडब्याची कोप म्हणजे झोपडी करून पांडव पुजायचा आमच्याकडचा सण. त्याच्या दोन दिवस आधी आभाळ आलं आणि बुरबुर लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं, ऊन पडलं, आम्ही म्हणलं सुटलो. आणि रात्री जो गारठा पडला तो हाडात शिरणारा.

गोठा मागच्या उन्हाळ्यात नवा केलाय. वर पत्रा, खाली कोबा, कमरेएवढी भिंत आणि वर जाळी. हवा खेळती पाहिजे असं व्हिडिओत सांगतात ना, तसा. जुना तुरकाट्याच्या कुडाचा होता, शेणानं लिंपलेला, अंधारा. आत्या दिवाळीपासून म्हणायल्या होत्या, "उत्तरेच्या जाळीला बारदान बांध." मी म्हणायचे, येळवशीचं आवरलं की बांधते. इकडच्या बायकांना सांगायला नको येळवशीला किती राबावं लागतं. भज्जीचे दाणे सोलायचे, भाज्या निवडायच्या, आंबिलीचं पीठ, उंडे. त्याच दिवशी दुपारी शेतात पांडवांसाठी कडब्याची कोप केली, चांगली चार माणसं बसतील एवढी, वरून माझ्या लग्नातली शाल टाकली. पांडवांना कोप केली आणि शेरडांच्या जाळीला बारदान नाही. हेच डोक्यात फिरायलंय.

त्या रात्री दोघी व्याल्या. काळीला अकराच्या सुमाराला तिळं झालं. मी जवळ होते, पुसून घेतली, चीक पाजला, येऊन पडले. पहाटे चारला उठून बघते तर दुसरी, पहिल्याच वेताची पहिलारू, कधी मोकळी झाली कळलंच नाही. दोन करडं कोब्यावर ओलीचिंब, तिनं चाटलीच नव्हती. पत्र्याला आतून पाणी सुटलेलं, ते टपटप त्यांच्या अंगावर. एक गेलेलंच होतं. दुसऱ्यानं माझ्या देखत दोनदा तोंड उघडलं आणि संपलं. काळीचं धाकटं कोपऱ्यात मान टाकून पडलेलं. त्याला पदरात घेऊन चुलीपाशी आणलं, म्हशीचं दूध कोमट केलं आणि लेकीच्या जुन्या बाटलीनं पाजलं. दोन घोट गेले. मग नाकातून दूध आलं आणि ते माझ्या मांडीवरच ताठ झालं.

दुसऱ्या रात्री काळीचं अजून एक गेलं. चौथ्या दिवशी चंद्री. ती जुनी, पहिल्या दोघींपैकी. नाक वाहायलेलं, धाप लागलेली, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले पण उपयोग झाला नाही. तिची वीस दिवसांची पाट, म्हणजे मादी करडू, मागं राहिली.

काल लेकीनं मोजली. म्हणाली, "आई, अकराच हायत की." चंद्री वजा, काळीचं एक जमा. हिशोबाला अकराच आहेत.

आत्या म्हणतात जित्राबाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. पण त्यांच्या ताटातली भाकरी तीन दिवस झाले तशीच निघायलीय. पहिलारूची कास ताठली आहे, रात्रभर ओरडते, पिळायला गेलं तर लाथ मारते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दूध पाजल्यानं ते करडू मेलं का? मन राखू नका, खरं सांगा. आणि दुसरं, तुम्ही लोक सकाळी परत गोठ्यात कसे जाता? मी दाराशी जाते आणि आत्याला हाक मारते.

रेणापूरकर

ताई, वाईट झालं. पण आधी हे सांगा, पुरली का? फोटो काढले का? चंद्रीच्या कानात बिल्ला होता का? बारा आकडी नंबर असतो तो. नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर बिल्ल्याशिवाय मदत नाही, असं राज्यात २०२४ पासून आहे. शीतलहर आणि गारपीट दोन्ही आपत्तीच्या यादीत आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या निकषात शेळीमेंढीला ४,००० रुपये, गायम्हशीला ३७,५०० होते. तलाठ्याचा पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला दोन्ही लागतात. निकषात "दुधाळ" असा शब्द आहे, म्हणून करडांचं आमच्याकडं कुणी लिहून घेतलं नाही. चंद्रीचं मात्र सोडू नका. डॉक्टर जिवंतपणी बघून गेलेत, ते तुमच्या बाजूचं आहे.

औशाकडची सून

बिल्ला होता दादा. पण यांनी बांधाला पुरून टाकली, फोटो नाही. त्या दिवशी फोटो काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

निवृत्त पशुपर्यवेक्षक, उदगीर

ताई, खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो.

मान टाकलेल्या करडाला दूध पाजायचं नसतं. गारठलं की गिळायची ताकद जाते आणि पोटही काम करत नाही. दूध घशातून फुप्फुसात उतरतं. तुम्हाला नाकातून आलेलं दिसलं ते तेच. पण ते करडू आधीच त्या वाटेला लागलेलं होतं. अकराला जन्मलेलं, पहाटे चारला मान टाकलेली, म्हणजे पाच तास झालेले. तिळ्यातल्या धाकट्याच्या वाट्याला चीक बहुतेक वेळा बेताचाच येतो. जन्मतः अंगात जी थोडी चरबी असते ती थंडीत तेवढ्या वेळात जळून जाते आणि रक्तातली साखर संपते. अशा करडाला डॉक्टर आधी पोटात ग्लुकोज टोचतात आणि मगच ऊब देतात, नुसती ऊब दिली तरी झटका येऊन जातं. पहाटे चारला तुमच्या चुलीपाशी हे कोण करणार होतं? नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा एका म्हातारीच्या अंगणात असंच बाटलीनं पाजलं होतं, तेही हुद्दा असताना. ती म्हातारी काही बोलली नाही. ते अजून आठवतं.

पुढच्या वेळेसाठी सांगतो. तोंडात बोट घाला. तोंड गरम आणि बोट चोखतंय, तर पाजा. तोंड गार आणि चोखत नाही, तर थेंबही नको. आधी बारदानानं खसाखसा पुसून कोरडं करायचं. जन्मून पाच तास झाले नसतील तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशीला लावायच्या, त्याहून उशीर झाला असेल तर ग्लुकोजसाठी आधी डॉक्टरांना बोलवा. थर्मामीटर ठेवा घरात. शेळीचं अंग एरवीच १०२-१०३ असतं, त्यामुळं आपल्याला जे ९८ बरं वाटतं ते करडाला गारठाच. अंग तापलं, मान उचलली, की मग आईचा चीक. दोन किलोच्या करडाला एका वेळेला १०० मिली, दिवसभरात निदान २०० व्हावा. जास्तीचा चीक पिळून बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर पुढच्या बाळंतिणीला चालतो, मात्र तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा, चुलीवर नाही, फाटतो.

चंद्रीचं लक्षण निमोनियाचं दिसतं. बारदान बांधा, पण सगळा गोठा गच्च बंद करू नका. शेळी उभी राहिली की तिच्या डोक्याच्या वर दीड-दोन फूट मोकळं ठेवा, नाहीतर मुताची वाफ कोंडून छातीला बाधते. आत शेकोटी पेटवतात लोक, ती तर नकोच, धुरानं गेलेली जनावरं मी पाहिलीत. कोब्यावर सोयाबीनचं भुसकट अंथरा, ओलं झालं की बदला. पत्र्याच्या आतून कडब्याचा थर बांधला की पाणी गळायचं थांबतं.

एक अजून. आषाढात हिरवा चारा आला की शेळ्या माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, नेमक्या मार्गशीर्षात, वितात. गावात बोकड मोकळा फिरत असेल तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. महिना-दीड महिना शेळ्या त्याच्यापासून दूर ठेवल्या तर विणं माघाकडं सरकतं.

खुशालचेंडू

एवढं रडण्यासारखं काय आहे? शेवटी बोकड खाटकालाच देणार होतात ना.

औशाकडची सून

हो, देणार होते. बकरीदच्या आधी बोकड विकते आणि गटाचा हप्ता भरते. लपवायचं काय त्यात. विकताना कासरा माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, तोवर मी त्याला वर्षभर खाऊ घातलेलं असतं, आजारपण काढलेलं असतं, माझं काम मी केलेलं असतं. इथं माझं काम राहिलं. हा फरक तुम्हाला कळत नसेल तर राहू द्या.

(पर्यवेक्षक काका, तुमचं तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला.)

मांजराकाठचा धनगर

ताई, आमची मेंढरं. २०१४ च्या मार्चमधली गारपीट लातूर, बीड, धाराशिवला कुणी विसरलेलं नाही. हरभरा-गहू काढायला आलेला आणि वरून लिंबाएवढ्या गारा. आम्ही नदीकाठाला उघड्यावर. बाबानं घोंगडं डोक्यावर घेतलं आणि कोकरं पोटाखाली. सतरा मेंढरं गेली, पाच-सहा गारांनी आणि बाकीची रात्रीच्या गारठ्यानं. लोकर भिजली की मेंढरू तिच्याच ओझ्यानं बसतं आणि बसलं की उठत नाही.

तुम्ही विचारलंत सकाळी कसं जाता. बाबा दुसऱ्या दिवशी गेलाच, बाकीच्यांना पोट होतं. पण मोजणी करायचा नाही. संध्याकाळी वाड्यात घेताना मेंढरं मोजायची असतात, ते काम त्यानं माझ्याकडं दिलं. मी नववीत होतो. दोन महिने मीच मोजली. मग एका संध्याकाळी त्यानं मला बाजूला सारलं आणि स्वतः मोजायला लागला, मधेच चुकला, परत पहिल्यापासून सुरू केलं. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

तुम्ही आत्याला हाक मारता ना, मारत राहा. त्यात लाज कसली.

अंबाजोगाईची माय

अगं बाई, एवढे सगळे बोलले आणि समोरचं कुणी बघेना! पहिलारूची कास भरलेली आणि लेकरू नाही, चंद्रीचं लेकरू हाय आणि आई नाही. जमव की दोघींचं.

ती लाथ मारतेय म्हणजे कास दुखायलीय. आधी कोमट पाण्यानं शेक, पिळून थोडं मोकळं कर, नाहीतर कासदाह होईल. मग तेच दूध चंद्रीच्या पाटीच्या पाठीला, शेपटीला, डोक्याला चोळ. शेळी शेपटीकडून वास घेऊन आपलं ओळखते. पहिल्यांदा अंधार पडल्यावरच कर. एकीनं शिंगं धरायची, एकीनं लेकरू लावायचं. पुढ्यात थोडा भरडा टाक. दिवसाला चार-पाच वेळा, आणि पाच-सहा दिवस धीर धर. पहिलारू आहे, आईपण तिलाही कुठं माहितीय. वीस दिवसांचं लेकरू धटिंगण असतं, ते स्वतःच हिसकून पिईल.

आणि आत्याला भाकरी चुरून दे ताकात. ताटात ठेवून निघून जाऊ नकोस.

औशाकडची सून

सहा दिवसांनी लिहायलेय.

पहिल्या रात्री पहिलारूनं आत्याला पाडलं. म्हातारं माणूस, मला वाटलं आता कंबर गेली. तर त्या खाली बसल्या बसल्या हसायला लागल्या. येळवशीपासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "माझ्या बापाच्या घरची म्हैस अशीच होती." तिसऱ्या रात्रीपासून लाथ कमी झाली. अजून ती आपणहून घेत नाही, शिंगाला हात लावून उभं राहावं लागतं, पण काल पीत असताना तिनं मागं वळून शेपटी हुंगली. माईला सांगायचं म्हणून हे लिहितेय. पाट खरंच धटिंगण आहे.

पंचनाम्याचं सांगते. दाखला मिळाला, पंचनाम्याला अजून कुणी आलं नाही. बांधावर खड्डा दाखवा म्हणाले, दाखवते म्हणाले मी.

बोकडाचं यांच्याशी बोलले. गावचा बोकड एकट्या आमच्या म्हणण्यानं बांधला जाणार नाही, गटाच्या बैठकीत काढावं लागेल. आठ जणींकडं शेळ्या आहेत.

थर्मामीटर आणलं, लेक दिवसातून चारदा सगळ्यांना लावायला बघते. काळीच्या राहिलेल्या करडाचं नाव तिनं "अकरावं" ठेवलंय.

बारदानं पाच होती घरात, उत्तरेची जाळी झाकली आणि संपली. पत्र्याच्या आतून बांधायला कडबा कुठून काढावा म्हणून मी गंजीकडं बघत होते, ती तोडली तर उन्हाळ्यात म्हशीला काय. आत्या काही न बोलता शेताकडं गेल्या. तासाभरानं डोक्यावर पेंढ्या घेऊन आल्या, मग परत गेल्या, मग मीही गेले. पांडवांची कोप सोडत होत्या. शाल घडी करून बांधावर ठेवलेली. दोघींनी मिळून चार खेपा केल्या. मी पत्र्याखाली शिडीवर, त्या खालून पेंढ्या द्यायल्या, दोन बाजू झाल्या. उरलेली आज संध्याकाळी करू, सुतळी संपलीय.