मदत हवी आहे: बेझलला निळा रंग धरतच नाही, शनिवारच्या आत सांगा

सह्यवाट
नमस्कार मंडळी. घड्याळाचं काळं बेझल, म्हणजे काचेभोवतीची अंकांची फिरती गोल पट्टी, घरीच निळं करायला घेतलंय. व्हिडिओत दाखवतात तसं ब्लीचमध्ये ठेवलं. काळा रंग उडाला, पण सारखा नाही. अर्धं राखाडी, मध्ये मध्ये काळे डाग. मग निळ्या रंगात उकळलं. बाहेर काढलं तेव्हा इतकं सुंदर दिसत होतं! ओल्या फडक्याने पुसलं तर सगळा निळा फडक्यावर. तीनदा केलं, तीनदा तेच. शनिवारी पहाटे तारकर्लीला निघायचंय. कोणता रंग घेऊ तेवढं सांगा.

कासवगती
घड्याळ कोणतं? बेझल कशाचं आहे, स्टील, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक की सिरॅमिक? निळा रंग म्हणजे कपड्यांचा की खाण्याचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कसं देणार?

मोगरा९
निळं नेलपेंट लावा. दोन पातळ हात, वर पारदर्शक टॉपकोट. माझ्या घड्याळाला दीड वर्षं झालं, तस्संच आहे.

कासवगती
मोगराताई, तुमचं बेझल फिरतं का?

मोगरा९
नाही, फिक्स आहे.

कासवगती
मग टिकणारच. फिरत्या बेझलला रोज बोटांची पकड लागते, तिथे नेलपेंटचे पोपडे कडेपासून सुटतात. मी करून बसलोय.

सह्यवाट
घड्याळ सेको एसकेएक्स००७ आहे, डायव्हिंगचं, अजून कोणतं असणार! रंग कपड्यांचा, पुडीतला. पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ आहे, म्हणून दुकानात न देता स्वतःच्या हाताने करायचंय. नेलपेंट नको.

चावीवाला
एसकेएक्स असेल तर आधी आतलं ७एस२६ मशीन बदला. त्याला हाताने चावी देता येत नाही, वेळ लावताना सेकंद काटाही थांबत नाही. एनएच३६ बसवा, दोन्ही होतं, वार-तारीखही राहते. माझं मी गेल्या वर्षी केलं, फार समाधान आहे.

सह्यवाट
मशीनचं विचारलंच नाहीये हो. रंगाचं सांगा.

जुगाडनाना
ब्लीचमध्ये थोडं बाथरूमचं ॲसिड टाका. उरलेला काळा झटक्यात जाईल.

भोसरीकर
नाना, ते वाक्य कृपया काढून टाका. सह्यवाट, हे अजिबात करू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

आता मूळ प्रश्न. ॲनोडायझिंगच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. एसकेएक्सचं इन्सर्ट, म्हणजे बेझलवरची अंकांची पातळ चकती, ॲल्युमिनियमचं आहे. ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात. रंग त्या छिद्रांत उतरतो. मग ती वस्तू उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं बंद करतात, त्याला आम्ही सीलिंग म्हणतो. तुमचं इन्सर्ट कारखान्यातच सील झालेलं आहे. ब्लीचने आतला रंग मेला, पण छिद्रं उघडली नाहीत. झाकण लावलेल्या बरणीवर तुम्ही मध ओतताय. वर पुन्हा उकळलंत, म्हणजे झाकण आणखी घट्ट केलंत. बाजारातला कुठलाही रंग आणा, पुसलाच जाणार.

जुगाडनाना
ॲसिडचं चुकलं, काढतो. पण मग घरीच पुन्हा ॲनोडाइझ करा की! बॅटरीचं ॲसिड, बारा व्होल्टचा चार्जर, एक ॲल्युमिनियमची पट्टी, संपलं.

भोसरीकर
संपलं नाही. आधी जुना थर कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागेल. कॉस्टिक ॲल्युमिनियमवर पडलं की हायड्रोजन सुटतो, आणि इतक्या पातळ चकतीला अर्धं मिनिटही जास्त झालं तर कडा खाल्ल्या जातात. अंक त्या थरातच असतील तर अंकही गेले. पुढे बॅटरीचं ॲसिड जवळपास निम्मं पाणी घालून पातळ करायचं, तेही ॲसिड पाण्यात ओतून, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ॲसिडचा फवारा उडतो तो वेगळाच. पहिल्यांदाच करणाऱ्याने शनिवारच्या घाईत याला हात लावू नये.

कैरीमीठ
विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बाबांच्या एचएमटी जनताची काच मी टूथपेस्टने घासून लख्ख केली. सुती कापड, वाटाण्याएवढी पेस्ट, दहा मिनिटं गोल गोल. आत लिहिलेलं ‘जनता’ पुन्हा दिसायला लागलं. तुम्हीही करून बघा.

कासवगती
कैरीताई, जनताची काच ॲक्रिलिकची, म्हणून जमलं. सेकोची हार्डलेक्स आहे, म्हणजे खनिज काच. तिच्यावर टूथपेस्ट चालत नाही.

खाडीकाठ
मी तारकर्लीलाच डायव्हिंगला लोकांना घेऊन जातो. सह्यवाट, ब्लीचमध्ये नक्की काय बुडवलंत? नुसती चकती, की तिच्या भोवतीचं स्टीलचं कडंही?

सह्यवाट
बेझल ब्लेडने उचकटून वर काढलं आणि अख्खं बुडवलं. चकती डबल टेपने चिकटलेली होती, वाकेल म्हणून सोडवली नाही.

खाडीकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ब्लीच स्टीलला बारीक खड्डे पाडतं. भिंग घेऊन कड्याच्या दातांत बघा. आणि बाराच्या जागेवरचा चमकणारा मोती?

सह्यवाट
दोन ठिकाणी टोचल्यासारखे ठिपके आहेत, आत्ता पाहिले. मोती आधीच काढून डबीत ठेवला होता.

भोसरीकर
मोती वाचवलात हे फार चांगलं केलंत. डागांचं कारणही कळलं. बोटांचं तेल आणि कडेला सुटलेला टेपचा चिकटा, तिथे ब्लीच पोचलंच नाही. हेअर ड्रायरने कडं गरम करा, चकती मागून हळूहळू सगळीकडून सारखी ढकला, एकाच बाजूने नको. मागचा गोंद स्पिरिटने पुसा, साबणाने धुवा, मग हातमोजे घालून नुसती चकती बुडवा. खिडकी उघडी ठेवा. दर दोन मिनिटांनी काढून पाण्याखाली धरून बघायचं. मनासारखी छटा आली की भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी. निळं होणार नाही, हे आत्ताच स्वीकारा. सारखा राखाडी मात्र मिळेल.

कासवगती
निळंच हवं असेल तर निळं तयार इन्सर्ट मागवा. या मॉडेलसाठी ढिगाने मिळतात.

खाडीकाठ
रंग कुठलाही ठेवा, पण बसवताना एक बघा. बेझल घड्याळाच्या उलट्या दिशेनेच फिरलं पाहिजे. पाण्यात किती मिनिटं झाली ते डायव्हर त्यावरच बघतो. धक्का लागून सरकलं तर पाण्याखालचा वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येतो. उगाच केलेली सोय नाही ती.

सह्यवाट
शुक्रवार, रात्र. भोसरीकरकाकांनी सांगितलं तसंच केलं. चकती न वाकता सुटली. सहा वेळा बुडवली, दर वेळी दोन मिनिटं. पाचव्या खेपेला काळा जाऊन पावसाळी ढगासारखा राखाडी आला, कडेला किंचित निळसर झाक. चाळीसच्या अंकाजवळ एक पुसट डाग राहिला, तो तसाच ठेवतोय. आता नवी डबल टेप लावतोय. साठचा खूण-त्रिकोण बरोबर बाराच्या रेघेवर कसा आणू? टेप एकदा चिकटली की हलत नाही.

चावीवाला
आधी कडं घड्याळावर दाबून बसवा, फिरवून क्लिकवर थांबवा. मग टेपचा कागद न काढता चकती ठेवून त्रिकोण जुळवा, कड्यावर पेन्सिलने बारीक खूण करा. मग कागद काढा, त्रिकोणाची बाजू खुणेवर टेकवा आणि उरलेली चकती खाली सोडा. मोती सगळ्यात शेवटी.

सह्यवाट
बसलं! त्रिकोण रेघेवर. साडेचारला निघतोय.

मोगरा९
फोटो टाका ना.