भट्टीत वितळवून केलेले काचेचे आरसे भिंतीवर कसे टांगावेत?

ए-४०३: नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीने स्वतः भट्टीत केलेले तीन आरसे भेट दिले आहेत. मध्ये साधा आरसा आणि भोवती रंगीत काचेचे तुकडे वितळवून एकजीव केलेली चौकट, फ्यूज्ड ग्लास म्हणतात ती. फार सुंदर आहेत, पण मागे टांगायला काहीच नाही, नुसती गुळगुळीत काच. सगळ्यात मोठा साधारण ४० बाय ५० सेंटिमीटर. सोफ्याच्या वर लावायचे आहेत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप चालेल का? भिंतीला भोकं पाडायची नसली तर बरं.

बी-१०१: आमच्या फोटोफ्रेम टेपवरच आहेत, व्यवस्थित टिकल्यात. जाड टेप घ्या फक्त.

बी-६०२: ताई, टेपवर नका लावू. सोफ्याच्या वर तर मुळीच नको. मी स्वतः ही काच करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजन बघा. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो भरतं. ३ मिलिमीटरचे दोन थर वितळवले की ६ मिलिमीटर होतात. म्हणजे तुमच्या मोठ्या आरशाची नुसती पाठच ३ किलोची, वर मधला आरसा, असे मिळून जवळजवळ ४ किलो. फोटोफ्रेमचा हिशोब इथे लागू पडत नाही. शिवाय टेप भिंतीला धरत नाही, रंगाला धरते. रंगाचा पोपडा सुटला की आरसा त्याच्यासकट खाली.

ए-४०३: बापरे, ४ किलो! हातात घेतल्यावर जड वाटला होता, पण एवढा असेल असं वाटलं नव्हतं. मग मागे दोन हूक चिकटवून तार बांधली तर?

बी-७०४: तारेबद्दल मी सांगतो. तार जितकी ताणून आडवी बांधाल तितका हुकांवर ताण वाढतो. आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक टोकाला आरशाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच जवळजवळ तिप्पट. म्हणजे ४ किलोच्या आरशाला एकेका चिकटवलेल्या हुकावर ११ किलोंच्या वर, आणि तोही आतल्या बाजूला ओढणारा.

बी-६०२: अगदी बरोबर काका. चिकटवलेला हूक अशा ओढीने कडेपासून सोलत निघतो. म्हणून काचेला तार नकोच.

ए-२०१: आरशालाच भोक पाडून स्क्रू मारला तर सरळ काम होईल ना?

बी-६०२: तयार आरशाला नको, दादा. भोक ठेवायचं तर ते करतानाच, भट्टीत घालायच्या आधी. नंतर हिऱ्याच्या बिटने पाणी सोडत भोक पडतं, पण काच सावकाश थंड केलेली नसेल तर आत ताण राहिलेला असतो आणि ती तडकते. शिवाय ते पाणी आरशाच्या पाठीत शिरलं की कडा काळ्या पडतात. करतानाच ठेवलेलं भोक असलं तरी स्क्रू थेट काचेवर आवळायचा नाही, मध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर हवाच.

ताई, बहिणीला एक गोष्ट नक्की विचारा: मधला आरसा कशाने चिकटवलाय? चौकट ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तिथे आरशाचा चांदीचा थर टिकत नाही. म्हणून आरसा नेहमी नंतर चिकटवलेला असतो. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वापरलं असेल तर पाठ खराब व्हायची भीती असते. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन हवं.

ए-४०३: विचारलं. न्यूट्रलच आहे म्हणाली. मग आता करू काय?

बी-६०२: मी माझ्या आरशांना करते तेच सांगते. काचेपेक्षा चारही बाजूंनी ३-४ सेंटिमीटर लहान अशी ९ मिलिमीटर प्लायवूडची पाठ कापून घ्या. सिलिकॉन सगळीकडे फासू नका, उभ्या पट्ट्या ओढा. ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं, मधे हवा गेली नाही तर आत ओलंच राहतं. आठवडाभर आडवं ठेवा. खालच्या कडेला प्लायला दोन छोटे एल आकाराचे धातूचे तुकडे, आत रबर लावून. काच त्यांच्यावर बसली पाहिजे. वजन त्यांनी घ्यायचं, सिलिकॉनने फक्त पुढे पडू द्यायचं नाही. मला यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्लायच्या मागे वरच्या बाजूला ४५ अंशांत तिरकी कापलेली लाकडी पट्टी, तिची जोडीदार भिंतीवर. एकीवर दुसरी अडकते. आरसा उचलून काढता येतो, डावीउजवीकडे सरकवताही येतो.

आणि प्लायला पांढरा रंग द्या! पारदर्शक रंगीत काच मागून परत येणाऱ्या उजेडावर खुलते. मागे तपकिरी लाकूड असलं तर निळा आणि हिरवा अगदी मरतात. बहिणीने इतक्या मेहनतीने जुळवलेले रंग दिसायला हवेत.

बी-१०१: हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो, ताई.

बी-७०४: भिंतीकडे या आता. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो. २५ मिलिमीटरची गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) मारली तर निम्मी गिलाव्यातच राहते. ४० ची घ्या, ती विटेत जाऊ द्या. भिंत हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी फिरते. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो. आणि ती भिंत बाहेरची आहे का? पावसात ओल येते?

ए-४०३: बाहेरचीच आहे काका. कोपऱ्यात थोडी ओल येते.

बी-६०२: मग कोपरा सोडा. पट्टीमुळे मागे हवा खेळती राहील, खालीही तेवढ्याच जाडीचे रबरचे ठोकळे लावा म्हणजे आरसा कलणार नाही. पुसताना क्लीनर कपड्यावर घ्या, आरशावर फवारू नका. अमोनिया असलेला तर नकोच.

ए-४०३: सगळ्यांचे मनापासून आभार. भोकं पाडायची तयारी झाली माझी. प्लाय कापून घेते. ड्रिल कोणाकडे आहे?

बी-७०४: माझ्याकडे आहे, पाणसळही आहे. सिलिकॉन सुकलं की कळवा. आधी एक बारीक भोक पाडून भूसा बघू, लाल निघाला तर वीट, करडा आणि भुसभुशीत निघाला तर ब्लॉक. मग गिट्टी ठरवू.