मदत हवी आहे : डिप्रेशनच्या जुन्या गोळ्यांमुळे डोक्याला मार जास्त लागतो का?

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय, वय २९. गेल्या महिन्यात सोलापुरात विजापूर रोडवर त्याची गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं, वरून जखम नाही. पण आपण कुठे आहोत हेच त्याला थोडा वेळ कळत नव्हतं, आणि पडल्याचं अजून आठवत नाही. त्याच रात्री सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हिसका बसलाय, आराम करू द्या.

तीन आठवडे उलटले तरी डोकेदुखी जात नाही. तो एमआयडीसीत चादरी-टॉवेलची जेकार्ड डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. थोडा वेळ स्क्रीन बघितली की कपाळ ठणकतं. दुपारच्या उन्हात दारात उभं राहवत नाही. आमच्या पूर्वभागात लूमचा खटखटाट जन्मापासूनचा, आता तोही त्याला सोसवत नाही. झोप नाही, चिडचिड वाढलीये.

आता मुख्य गोष्ट. २०२१ मध्ये त्याला डिप्रेशन होतं. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम वर्षभर घेतली, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केली. घरात फक्त आईला आणि मला माहीत आहे. आई म्हणते, "त्या गोळ्यांनीच मेंदू नाजूक झाला, नाहीतर एवढ्याशा पडण्यानं असं झालं नसतं." आता त्यालाही तसंच वाटायला लागलंय. ऐकताना माझा जीव तुटतो, कारण त्याच गोळ्यांनी तो तेव्हा उठून कामाला जायला लागला होता.

त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे, म्हणून आईनं केसपेपरवर "आधीचा आजार : काही नाही" असं सांगितलं. बंद केलेल्या गोळीचा असा परिणाम राहतो का? न्यूरोच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं का? आणि ही चिडचिड माराची, की जुना आजार परत येतोय?

प्रतिसाद : रातराणी

ताई, मी न्यूरो वॉर्डात सिस्टर आहे. एस्सिटालोप्रामचं शरीरातलं प्रमाण साधारण ३० तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे आठवड्याभरात ती जवळजवळ निघून जाते. इतक्या वर्षांपूर्वी बंद केलेल्या गोळीनं मेंदू नाजूक झाला असं म्हणायला आधार नाही. आईंना हे नक्की सांगा.

गोळी चालू असताना मात्र फरक पडतो. रक्त गोठवणाऱ्या पेशींमधलं सेरोटोनिन कमी होतं, त्यामुळे रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असेल तर जास्त. वयस्कर माणसांत सोडियम उतरून तोल जाऊ शकतो. तुमच्या भावाचं यातलं काही नाही.

तरी डॉक्टरांना सांगाच. ज्यांना आधी डिप्रेशन, अँग्झायटी किंवा मायग्रेन होतं, त्यांची कन्कशननंतरची लक्षणं लांबू शकतात. झोप उडणं, चिडचिड, लक्ष न लागणं कन्कशन आणि डिप्रेशन दोन्हींत दिसतं, म्हणून जुना इतिहास कळल्याशिवाय त्यांना नीट ठरवता येणार नाही. गोळी परत सुरू करायची का, तेही त्यांनाच ठरवू द्या. घरी उरलेली गोळ्यांची जुनी पट्टी काढून सुरू करू नका.

सीटीत रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदूला हिसका तरीही बसू शकतो. आणि महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवू नका. पहिले २४ ते ४८ तास आराम, मग त्रास फार न वाढता जमेल तेवढं चालणं, असं आता सांगतात. रोज रोज पेनकिलर घेतल्यानंही डोकेदुखी रेंगाळते. टू-व्हीलर सध्या बंदच.

उलट्या सुरू झाल्या, गुंगी आली, फिट आली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. आणि जगणं नकोसं झालंय असं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद : भीमाकाठ

लग्नाची काळजी समजते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. केसपेपर बघायच्या पाहुण्यांच्या हातात जात नाही. फाइल मात्र घरी नीट ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "ताई, मीच सांगतो डॉक्टरांना, पण आई आत नको." सोमवारी जातोय. आईला न दुखावता बाहेर कसं थांबवायचं, कुणाला अनुभव असेल तर सांगा.