सांगलीच्या उन्हात सावरडोचं स्टार्टर टिकेना, काय करू?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी, घरी सावरडो, म्हणजे पाकिटातल्या यीस्टशिवाय आंबवलेला ब्रेड करायचा नाद लागलाय आणि आता अडले आहे. थंडीत स्टार्टर, म्हणजे पीठ-पाणी आंबवून केलेलं ब्रेडचं विरजण, मस्त चालू होतं, सकाळी पीठ-पाणी घातलं की दुपार कलेपर्यंत दुप्पट व्हायचं, वासही छान आंबूस. एप्रिल लागला आणि सगळं तंत्रच बिघडलं. आठला खायला घातलं की अकराच्या आत बरणीच्या तोंडाशी येतंय, जेवणं आटपून बघावं तर खाली बसलेलं, आणि संध्याकाळी वर काळपट पाणी, वास डायरेक्ट नेलपॉलिश रिमूव्हरचा. ब्रेडची कणीक पण तशीच, रात्री मळून ओट्यावर ठेवली की सकाळी पसरून चिकट झालेली असते, आकारच धरत नाही. मी समान मापाने घालते, म्हणजे 50 ग्रॅम स्टार्टर, 50 पीठ, 50 पाणी. हे मेलंय का? टाकून नवीन लावू का? दुसरं म्हणजे सासऱ्यांच्या शेतातला खपली गहू घरात आहे, तो चालेल का? आणि जूनमध्ये लेकीकडे जायचंय, तीन आठवडे तरी घर बंद असेल, तेव्हा याचं काय करायचं तेही सांगा.

पोवईनाका:
ताई, टाकू नका हो! मेलेलं नाहीये, उपाशी आहे. सकाळी फुगून वर येतंय म्हणजे त्यात यीस्ट चांगलं जिवंत आहे. काळपट पाणी म्हणजे पिठातलं खाणं संपल्यावर वर साठलेलं पाणी आणि अल्कोहोल, ते ओतून टाका किंवा ढवळून घ्या, काही होत नाही. वासही भुकेचाच.
रेसिपीतले टाइम 24-26 डिग्रीच्या स्वयंपाकघराचे असतात, तुमच्याकडे आत्ता दुपारी ओट्यावर 35 च्या पुढे असणार, मग आठ तासांचं काम तीन तासांत उरकतंय. त्यात तुम्ही नव्या पिठाइतकंच जुनं ठेवताय, म्हणजे खाणारे भरपूर आणि खाणं थोडं. उन्हाळ्यात विरजण थेंबभरच लावतो ना, तसंच इथे करा. 10 ग्रॅम स्टार्टर, 50 पीठ, पाणी 50 च्या ऐवजी 35. घट्ट ठेवलं की सावकाश आंबतं. आणि बरणी मातीच्या कुंड्यात पाणी घालून त्यात उभी करा, वरून ओलं सुती फडकं गुंडाळा, फडक्याचं टोक पाण्यात बुडलेलं राहू द्या. आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी, त्यामुळे बरणी चांगली गार राहते. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, तेव्हा हवाच दमट असते.
एकच गोष्ट लक्षात ठेवा, गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली नाहीतर केसाळ बुरशी आली तर मात्र सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरू असं करायचं नाही.

वाळवा_तालुका:
खपलीचं मी सांगतो, आमच्याकडं पिकते. स्टार्टरला खाऊ घालायला खपलीचं पीठ एक नंबर, कोंड्यासकट असल्यानं जोरात चालतं. पण निव्वळ खपलीचा गोल ब्रेड करायला जाऊ नका. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारा चिकटपणा, असतं पण कमजोर, ताण धरत नाही, कितीबी घड्या घाला गोळा पसरणारच. मैद्यात पाव हिस्सा खपली घाला, म्हणजे 500 ग्रॅमला 125, चव सुंदर येते, कवच खमंग होतं. पूर्ण खपलीचाच पाहिजे असंल तर ब्रेडच्या टिनमध्ये करा, टिन आकार सांभाळतो.
मैदा घेताना पाकिटावर प्रोटीन बघा, 100 ग्रॅमला 11-12 असलेला घ्या. आणि गिरणीतनं आणलेलं गव्हाचं पीठ वापरत असाल तर ते बारीक दळलेलं असतं, दगडाखाली स्टार्च जास्त मोडतो, त्यामुळं पाणीबी जास्त पितं आणि आंबतंबी लवकर. कणीक चिकट होण्यात त्याचा पण वाटा असणार. दळण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, एवढं बघा की.

मिरज_जंक्शन:
कणीक रात्रभर बाहेर ठेवायची हे या दिवसांत बंदच करा, सगळा घोळ तिथंच आहे. मी असं करते: संध्याकाळी माठातलं पाणी घेऊन मळायचं, 500 ग्रॅम पिठाला स्टार्टर 100 ऐवजी 50, मीठ 10 ग्रॅम. अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा ओल्या हाताने कडेने उचलून घड्या घालायच्या. दुप्पट व्हायची वाट बघायची नाही, दीडपट झाली आणि भांडं हलवलं की थरथरली की बास. सरळ कडांच्या डब्यात ठेवून बाहेरून रबर लावा, किती चढली ते कळतं. मग गोळा वळून चाळणीत सुती फडकं घालून, त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरून ठेवायचा आणि फ्रिजमध्ये. सकाळी उन्हं तापायच्या आत भाजून मोकळं. भाजण्याआधी वर द्यायची चीरही थंड गोळ्यावर स्वच्छ बसते.
जूनचं सोपं आहे. खाऊ घालून तासभर बाहेर ठेवा आणि फ्रिजमध्ये टाका, तीन आठवडे आरामात राहतं. झाकण अगदी घट्ट लावू नका. परत आल्यावर दोन-तीनदा खाऊ घातलं की उठतं. लाइट जायची भीती असेल तर थोडं स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, कडक झालं की चुरा करून कोरड्या बरणीत भरा. हा विमा प्रत्येकाने उतरवून ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

पोवईनाका:
मिरजताईंच्या तासभराला माझी हरकत, या उन्हात अर्धा तास पुष्कळ झाला, नाहीतर फ्रिजमध्ये जायच्या आधीच निम्मं खाऊन बसेल. वाळवायचं मात्र शंभर टक्के बरोबर. आणि जास्तीचं स्टार्टर मोरीत ओतू नका कुणी, बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी घाला, अन्न आहे ते.

विश्रामबागवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. 10 ला 50 करून कुंड्यात ठेवलं आणि आज चक्क संध्याकाळी चारला वर आलं, वास परत आंबूस-गोड, घुमट वर गोल आणि काचेतून बघितलं तर आत जाळी! खपली दळायला दिलीय. आता एकच विचारते, ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) कवच कडक होत नाही, पांढरंच राहतं.

मिरज_जंक्शन:
वाफ निसटत असणार. झाकणाची बिडाची कढई असेल तर ती रिकामीच आत ठेवून 230 डिग्रीवर अर्धा तास तापवा, गोळा आत सोडून झाकण लावा, 20 मिनिटं तशीच, मग झाकण काढून आणखी 20, चांगला तांबूस होईपर्यंत. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो म्हणून कढई खालच्या रॅकवर. झाकण उघडताना वाफ थेट मनगटावर येते, जाड फडकं दुहेरी घ्या आणि झाकण तुमच्यापासून लांबच्या बाजूने उचला. भाजून झाल्यावर तास-दीड तास कापू नका, आतून ओलसर लागतो.